न दुखणारी गाठ
(प्रस्तावना)

मानेत गाठ हाताला लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : दुखते का? दुखत असेल तर माणूस त्याच संध्याकाळी दवाखान्यात जातो. दुखत नसेल तर घरादाराचा जीव भांड्यात पडतो आणि गाठ तशीच राहते. पेरणी होते, दिवाळी होते, मुलीचं लग्न होतं, मग कधीतरी नागपूरची बस पकडली जाते. गाठीत बारीक सुई घालून आतल्या पेशी काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, या कामात माझी नोकरी गेली. त्या खोलीत सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "दुखत त नाही न साहेब, मंग कायले टोचता?" त्या वाक्याचं सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हे पुस्तक लिहायला घेतलं.

थोडक्यात उत्तर असं. लाल, गरम, दुखरी गाठ बहुधा दाताची, घशाची किंवा डोक्यातल्या फोडाची असते आणि बऱ्याचदा पंधरवड्यात ओसरते. विदर्भात माणसाचं आणि घराचं गणित विस्कटून टाकणाऱ्या गाठी प्रामुख्याने दोन : क्षयाची आणि कॅन्सरची. या दोन्ही सुरुवातीला दुखत नाहीत.

दुखण्यावरून गाठीचा धोका मोजायची सवय आपल्याला कुठून लागली असेल? माझा एक तर्क आहे, पटला तर घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पोचला आणि मग रेल्वेच्या मार्गाने आत पसरत गेला. आजोबा-पणजोबांच्या तोंडी त्याचं नाव 'गाठीचा ताप' असं होतं. जांघेत, काखेत, कधी मानेत गाठ यायची. ती इतकी दुखायची की रोगी हात लावू देत नसे, आणि काही दिवसांत माणूस जायचा. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच आजाराने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली. नागपुरात विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत प्लेगने घरंच्या घरं रिकामी केली. डॉ. केशव हेडगेवारांचे आई आणि वडील याच साथीत एकाच दिवशी गेले. ज्या समाजाने दुखऱ्या गाठीने इतकी माणसं जाताना पाहिली, तो न दुखणाऱ्या गाठीला निरुपद्रवी समजला तर नवल नाही. प्लेग गेला, पण हिशेब तोच राहिला.

मानेची रचना थोडी समजून घेतली की पुढचं सोपं होतं. शरीरभर पसरलेल्या लसिकाग्रंथींपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या मानेत आहे. तोंड, नाक, घसा, टाळू, कान, दात या सगळ्यांतून निघणारा लसिकारस या ग्रंथींतून गाळून पुढे जातो. म्हणून वरच्या भागात काही बिघडलं की खालची ग्रंथी सुजते. हनुवटीखालची किंवा जबड्याखालची गाठ बहुतेक वेळा तोंडाकडे बोट दाखवते. जबड्याच्या कोनाजवळची, मानेच्या वरच्या भागातली गाठ टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि नाकामागची जागा तपासायला सांगते. डाव्या हसळीच्या वरची गाठ तर कधीकधी पोटाची बातमी आणते. जठराच्या कॅन्सरचा पहिला पुरावा तिथे सापडू शकतो, हे रुडॉल्फ विर्चो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवलं आणि ती गाठ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे मानेतल्या पुष्कळ गाठी स्वतः आजार नसतात, आजार दुसरीकडे असतो. नुसत्या गाठीवर लेप, शेक किंवा चाकू चालवून भागत नाही ते यामुळेच.

लेपांचा विषय निघालाच आहे. आपल्या भागात चुना-गूळ लावतात, कुणी बिबा लावतं. बिब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतो, खालची गाठ आहे तिथेच राहते आणि वरून जखम वाढते. तपासायला आलेल्या मानेवर बिब्याचे काळे डाग बघून माझा पारा चढत असे, हे कबूल करतो. जुन्या वैद्यकाबद्दल मात्र माझ्या मनात अढी नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एका अध्यायात, पण वेगवेगळा केलेला आहे. सगळ्या गाठी एक नसतात, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. ते आपण विसरलो.

लेपाने गाठ बसल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात, आणि त्या सगळ्या खोट्या नसतात. क्षयाच्या गाठी काही काळ आपोआप लहान होतात, पुन्हा वाढतात. त्या उताराच्या दिवसांत जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. युरोपात हे श्रेय शतकानुशतकं राजाला मिळालं. गंडमाळेच्या, म्हणजे मानेतल्या क्षयाच्या गाठींच्या, रोग्याला राजाने स्पर्श केला की तो बरा होतो, अशी इंग्लंड-फ्रान्समध्ये समजूत होती. १७१२ साली अडीच वर्षांच्या सॅम्युएल जॉन्सनला राणी ॲनकडे नेलं होतं. पुढे इंग्रजी कोशकार म्हणून गाजलेल्या या माणसाच्या मानेवरचे व्रण जन्मभर राहिले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तोवर राजस्पर्शाला वैद्यकात जागा उरलेली नव्हती. बिब्याची जागा अजून शाबूत आहे.

आता क्षयाकडे नीट येऊ, कारण भारतात फुप्फुसाबाहेरच्या क्षयात लसिकाग्रंथींचा क्षय सगळ्यांत जास्त आढळतो आणि त्यातही मानेच्या ग्रंथी पुढे असतात. तरुण वय, बऱ्याचदा मुलगी; मानेच्या एका बाजूला दोन-तीन गाठी, एकमेकींना चिकटलेल्या. ताप असतो किंवा नसतो, खोकला बहुधा नसतो. महिन्यांनी गाठ मऊ पडते, वरची कातडी लालसर होते पण गरम लागत नाही. मग ती फुटते आणि वाहत राहते. सुई घातली की चक्क्यासारखा घट्ट, पिवळट पू येतो. तो दिसला की काच रंगवण्याआधीच अर्धं निदान होतं.

या मुलींची एक वेगळी अडचण आहे आणि ती कुठल्याच वैद्यकीय ग्रंथात नाही. नागपूरच्या रस्त्यावर गाडी चालवणारी प्रत्येक मुलगी उन्हाच्या नावाखाली चेहरा आणि मान स्कार्फमध्ये गुंडाळून घेते. त्या स्कार्फखाली गाठ सहज झाकते. घरचेही झाकू देतात, कारण 'टीबी' हा शब्द स्थळ बघणाऱ्यांच्या कानी जाऊ नये अशी धडपड असते. औषधं शेजारच्या दुकानातून नको, दुसऱ्या गावाहून आणा. गोळ्यांची पाकिटं फेकायची कुठे, यावर आईचा जीव टांगणीला. खरं तर केवळ मानेच्या ग्रंथीत असलेला आणि फुप्फुसात नसलेला क्षय खोकल्यातून पसरत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवायचं काही कारण नाही. छातीचा एक्स-रे काढून फुप्फुस मोकळं आहे ना एवढं बघायचं, आणि हा जंतू घरात कुणाच्या खोकल्यातून आला ते शोधायचं. युरोपातली गंडमाळ पुष्कळदा न उकळलेल्या गाईच्या दुधातून यायची. आपण दूध उकळतो. आपल्याकडे ती बहुधा माणसाकडून येते, म्हणून घरातला जुना खोकला तपासणं हा उपचाराचाच भाग आहे.

उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनानुसार, रोज, सरकारी केंद्रातून फुकट. सुरू करण्याआधी पुवाचा नमुना जनुकीय तपासणीसाठी पाठवला पाहिजे, कारण जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नसेल तर सगळाच बेत बदलावा लागतो. सोबत साखर आणि एचआयव्हीची तपासणी. निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात दरमहा मिळणारे ५०० रुपये २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. रक्कम मोठी नाही, पण अंडी आणि डाळ येते.

दोन गोष्टी मात्र आधी सांगितल्या नाहीत तर रोगी मध्येच औषध सोडतो. पहिली, लघवी केशरी होते. ते औषधाचं लक्षण आहे, रक्त नव्हे. दुसरी अधिक फसवी. औषध चालू असताना कधीकधी गाठ वाढते किंवा शेजारी नवी गाठ येते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने उठवलेला तो गदारोळ असतो, औषध निकामी झालं असं त्यातून लगेच ठरत नाही. डॉक्टरांना दाखवायचं, पण गोळ्या थांबवायच्या नाहीत. सहा महिने पूर्ण झाल्यावरही एखादी छोटी, कडक गाठ मागे राहू शकते. ती वाढत नसेल तर तिच्याकडे लक्ष ठेवलं की पुरे.

दुसरी गाठ कॅन्सरची, म्हणजे आपल्याकडे बहुधा खर्ऱ्याची. हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावा लागतो, नागपूर-गडचिरोलीत नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून पानठेलेवाला पुडी हातात देतो. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली; घोटून मिळणारा खर्रा त्यानंतरही कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'च्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी काम चालू आहे. हे दोघेही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे आमच्या 'मेडिकल'चेच विद्यार्थी. गावात खर्रा बंद व्हावा म्हणून बायका पुढे येतात, हे त्या कामातलं मला सर्वांत आशेचं वाटलेलं दृश्य. "आम्ही तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" असं सांगणाऱ्यांसाठी एक नोंद : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

खर्ऱ्याची गोष्ट मानेत सुरू होत नाही. आधी सावजीचं जेवण झोंबायला लागतं. नागपूरच्या माणसाला तिखट सोसवेना झालं तर घरच्यांनी कान टवकारायला हवेत, पण पित्त म्हणून सोडून देतात. मग तोंड कमी उघडतं, पाणीपुरी आख्खी जात नाही. मग गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम. आणि मग कधीतरी जबड्याखाली गाठ, कडक, न दुखणारी, हलवली तर न हलणारी. तोवर आजाराने एक टप्पा ओलांडलेला असतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रोग मानेच्या ग्रंथींत पोचला की बरं होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते.

या ठिकाणी महाराष्ट्रात झालेल्या एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. तोंडाचा कॅन्सर लहान आहे, मानेत गाठ लागत नाही, अशा रोग्याची मान उघडून ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावं, हा वाद जगभरातले सर्जन अर्धशतक घालत होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात याची रीतसर चाचणी घेतली. पहिल्या ५०० रोग्यांचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. प्रश्न आपल्या पानठेल्यांनी उभा केला होता आणि त्याचं जगाने मान्य केलेलं उत्तरही आपल्याच राज्यातून आलं. रोग्याला याचा अर्थ एवढाच : तोंडाच्या छोट्या जखमेसाठी सर्जन मानेचंही ऑपरेशन सांगतो तेव्हा तो बिल वाढवत नसतो.

बाकीच्या गाठींचा विस्तार पुस्तकात आहे, इथे धावती ओळख. पाणी गिळताना वरखाली होणारी गाठ बहुधा थायरॉइडची. बायकांत ती पुष्कळ आढळते आणि बहुतेक निरुपद्रवी असते. रक्ताची टीएसएच तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुई, एवढ्यात निकाल लागतो. आयोडीनच्या कमतरतेने येणारा गलगंड कमी झाला, त्यामागे डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात मिठावर केलेले प्रयोग आणि १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आहे. ज्या मिठाच्या पुडीला आपण किरकोळ वस्तू समजतो, तिच्यामागे एवढी शास्त्रीय मेहनत आहे. जेवायला बसलं की जबड्याखाली फुगणारी आणि तासाभराने उतरणारी गाठ लाळग्रंथीच्या नळीतल्या खड्याची असते. जीभ बाहेर काढली की वर सरकणारी मधली गाठ जन्मजात पिशवीची. मऊ, कातडीखाली घसरणारी आणि वर्षानुवर्षं तेवढीच राहणारी गाठ चरबीची. तिला छेडू नये. हाताला ठोके लागणारी गाठ रक्तवाहिनीजवळची, तिच्यात घाईने सुई घालू नये. लहान मुलांच्या मानेत वाटाण्याएवढ्या हलत्या गाठी लागतात त्या बहुधा सर्दीच्या, टॉन्सिलच्या, डोक्यातल्या उवा-फोडांच्या असतात. मूल खेळतंय, खातंय, वजन धरून आहे, तर आईने रोज गाठ दाबून बघणं तेवढं बंद करावं.

घाई करायची ती वेगळ्याच गाठीसाठी. खालची दाढ किडलेली, हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, जीभ वर उचललेली, तोंडातून लाळ गळते, गिळवत नाही. अशा रोग्याचा श्वास काही तासांत कोंडू शकतो. त्याने सकाळची वाट बघू नये. रात्री दोन वाजता नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावं. दुखणारी गाठही जीव घेते, ती ही.

आता टोचण्याच्या प्रश्नाकडे. गाठीतून सुईने पेशी काढायची पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली मांडली. साध्या इंजेक्शनची सुई पुरते, भूल लागत नाही, काम मिनिटभरात होतं. "सुई लागली की कॅन्सर पसरते" ही समजूत मी इतक्या वेळा खोडून काढली आहे की आता झोपेतही खोडून काढीन. एवढ्या बारीक सुईच्या वाटेने रोग पसरणं अत्यंत विरळ आहे. सुई टाळल्याने रोग पसरतो, ते मात्र रोज बघितलं. उलट ज्या चाकूला लोक कमी भितात, तो जास्त घात करतो. निदान न करता गाठीला चीर दिली आणि ती क्षयाची निघाली, तर जखम महिनोन्महिने वाहते. कॅन्सरची निघाली, तर नंतरच्या मोठ्या ऑपरेशनची जागाच बिघडून बसते. म्हणून क्रम असा : आधी तोंड, घसा, टाळू बघायचं, मग सोनोग्राफी, मग सुई आणि शेवटी चाकू. अपवाद आहे. लसिकाग्रंथींचाच कॅन्सर, लिम्फोमा, असा संशय असेल तर सुई पुरत नाही, आख्खी गाठ काढून तपासावी लागते. पण तोही निर्णय सुईनंतरचा.

या क्रमात सर्वांत मोठा खोळंबा घालतात ती अँटिबायोटिक्स. पाच दिवसांचा एक कोर्स ठीक आहे. दुसरा, तिसरा, मग 'जरा स्ट्राँग', हे ठीक नाही. लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात. स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमाची गाठ काही दिवस विरघळल्यासारखी वाटते आणि मग तपासणीत नीट ओळखू येत नाही. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे : संसर्गाची खूण नसेल तर मोठ्या माणसाच्या मानेतल्या गाठीला अँटिबायोटिक देत बसू नका, आणि दोन आठवडे उलटून गेलेली गाठ गंभीर समजून तपासा. आमच्या गल्लीतल्या डॉक्टर मित्रांना हे आवडणार नाही. आवडावं म्हणून लिहिलेलंही नाही.

नागपूरला उपचारासाठी फक्त नागपूरकर येत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, शिवाय बालाघाट, सिवनी, छिंदवाडा आणि छत्तीसगडचे रोगीही इथेच येतात. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, मानेवाडा रस्त्यावरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं रुग्णालय, एवढे पर्याय एका शहरात आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेचसे उपचार बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत हवं, हे गावाहून निघतानाच माहीत असलेलं बरं. शेवटच्या प्रकरणात कुठे काय मिळतं ते दिलं आहे.

त्या प्रकरणात एक सूचना ठळक अक्षरांत छापायला मी प्रकाशकांना भाग पाडलं आहे. तालुक्याला किंवा जिल्ह्याला गाठीची तपासणी झाली असेल तर रिपोर्टचा नुसता कागद घेऊन नागपूरला येऊ नका. ज्या काचांवर पेशी घेतल्या त्या स्लाईड्स आणि तुकडा काढला असेल तर मेणात बसवलेला त्याचा ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या. रीतसर अर्ज केला की त्या मिळतात; पावती जपून ठेवायची. स्लाईड्स कागदात गुंडाळून कडक डब्यात ठेवा, पिशवीत सुट्या टाकल्या तर बसमध्ये फुटतात. त्या सोबत असल्या तर दुसरा विकृतिशास्त्रज्ञ त्याच दिवशी बघू शकतो आणि रोग्याच्या मानेत पुन्हा सुई घालायची वेळ बऱ्याचदा येत नाही.